जुना मॉल : पाडून मोकळी जागा करावी की आहे त्या इमारतीत परिसरातील लोकांसाठी सोय करावी?

ग्राहक ओसरलेल्या मॉलचा परिसरातील लोकांना उपयोग व्हावा, असे ज्यांनी ठरवले आहे, त्यांनी अमेरिकेतील दोन शहरांचे अनुभव शेजारीशेजारी ठेवून पाहावेत. हेतू जवळपास सारखा असला तरी दोन्ही ठिकाणी धरलेली वाट अगदी उलट आहे.

ओहायो राज्यातील कोलंबस शहरात 1989 मध्ये सुरू झालेला सिटी सेंटर मॉल 2009 मध्ये बंद झाला. तो पाडून 2011 मध्ये तेथे सुमारे 6 एकरांचे कोलंबस कॉमन्स हे उद्यान खुले करण्यात आले. जमिनीखालचे वाहनतळ तसेच ठेवल्यामुळे तेथील हिरवळ खरे तर गॅरेजच्या छतावर आहे. उरलेल्या जागेवर पुढे सदनिका उभ्या राहिल्या आणि बागेला रोजचा शेजार मिळाला. मात्र असे उद्यान स्वतःहून गजबजत नाही. मैफली, व्यायामवर्ग, खाद्यपदार्थांच्या गाड्या यांची आखणी कोणीतरी सतत करावी लागते.

टेक्सासमधील ऑस्टिन येथे 1971 चा हायलँड मॉल तेथील कम्युनिटी कॉलेजने टप्प्याटप्प्याने विकत घेतला आणि 2014 मध्ये जेसीपेनी या दुकानसाखळीच्या रिकाम्या दालनात 600 हून अधिक संगणकांची अभ्यासिका सुरू केली, जिथे अडलेल्या विद्यार्थ्याला मदत करणारे शिक्षकही त्याच दालनात असतात. खांबांमधली मोठी अंतरे आणि उंच छत येथे कामी आले. अशा इमारतींचा मधला भाग अंधारा राहतो व वातानुकूलनाचा खर्च टळत नाही, ही त्यातली अडचण. पण ते बिल भरणारी स्थिर संस्था ऑस्टिनला आधीच लाभली होती. अमेरिकेतीलच नॅशव्हिल शहरातल्या वन हंड्रेड ओक्स मॉलमध्ये खाली दुकाने ठेवून वरच्या मजल्यावर रुग्णालयाचे बाह्यरुग्ण विभाग आणले गेले, तोही मधला मार्ग विचारात घेण्याजोगा आहे.

मुंबई-पुण्याकडच्या मॉलपुरते बोलायचे तर माझा कल इमारत राखण्याकडे आहे, कारण पावसाळ्याचे चार महिने उघड्या मैदानापेक्षा डोक्यावरच्या छताची किंमत जास्त असते. (मुंबईतील क्रॉसरोड्स मॉल 1999 मध्ये उघडला, तेव्हा मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड नसलेल्यांकडून प्रवेशासाठी 60 रुपये मागितले जात, परिसरातील लोकांसाठीची जागा नेमकी याच्या उलट हवी.) स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये सांगाडाच नापास ठरला, तर अर्थातच पाडण्यावाचून पर्याय नाही.

आपल्याकडची खरी अडचण मालकीची आहे. गाळे सुटे विकले गेले असतील, तर एका गाळेधारकाच्या नकारानेही संपूर्ण मजल्याचे काम अडू शकते. अशा वेळी तळमजल्यावरचे, एकाच मालकाचे, सर्वांत मोठे दालन आधी घ्यावे आणि त्याला रस्त्याकडून स्वतंत्र दार व वेगळे स्वच्छतागृह द्यावे, म्हणजे दुकानांची शटर खाली आल्यावरही तिथली अभ्यासिका किंवा दवाखाना चालू ठेवता येईल.