एडासवाली गाडी घेतली, पण केस झाली तर नाव आपलंच

कंपनीचं नाव टाकत नाही, आता बऱ्याच गाड्यांच्या टॉप मॉडेलमधी हेच एडास पॅकेज (कॅमेरा-रडारनं ड्रायव्हरला मदत करणारी यंत्रणा) येतंय आणि रडगाणं पण सारखंच हाय. शोरूममधला पोरगा म्हणला, सर हायवेला लागलात की बटन दाबा, गाडी आपली आपण चालते. नाही चालत. हे लेव्हल २ हाय, म्हणजे ब्रेक, एक्सलरेटर आणि थोडंफार स्टेअरिंग ती बघते, पण नजर आणि हात तुमचेच. हात काढले की जरा वेळात टूं टूं चालू.

समृद्धीवर मात्र पैसे वसूल. जालन्यातून चढा, १२० ला क्रूझ लावा, पुढची गाडी हळू झाली की ही पण हळू, पांढरे पट्टे स्वच्छ असल्यामुळं लेन पण बरोबर धरते. फक्त करायला काही उरत नाही म्हणून डुलकीची भीती जास्त, हे कुणी सांगत नाही.

खरी परीक्षा सोलापूर-धुळे हायवेला. उसाचा सीझन, गेवराईच्या पुढं रात्री एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, टेललॅम्प नाही, रेडियम नाही, ऊस दोन्हीकडून बाहेर लोंबायलेला. माझ्या स्क्रीनवर रस्ता मोकळा! ब्रेक मीच मारला, मग बाईसाहेबांना ट्रॉली दिसली. राँग साईडनं येणाऱ्या मोटरसायकलीचं तर विचारूच नका. आणि खड्डा चुकवायला इंडिकेटर न देता वळलं की स्टेअरिंग परत ओढते, म्हणून गावाकडं लेन असिस्ट बंदच ठेवतो.

आता समजा तिथं धडकलो असतो तर? आपला मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्याला लायसन असलेला माणूस ड्रायव्हर म्हणून माहिती, सॉफ्टवेअर नाही. मॅन्युअलमधी पण बारीक अक्षरात जबाबदारी चालकाचीच. माणूस गेला तर न्याय संहितेचं कलम 106, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. थर्ड पार्टीची भरपाई इन्शुरन्स देईल, जेलात तुमच्याऐवजी एजंट जाणार नाही. आमच्या एजंटला विचारलं तर हसला, क्लेमच्या फॉर्मात 'गाडी कोण चालवत होतं' असा रकाना असतो म्हणला, तिथं काय लिहिणार तुम्ही?

बाहेर पण लई वेगळं नाही. अमेरिकेत २०१८ ला टेम्पी गावात उबरच्या टेस्टिंगच्या गाडीनं रस्ता ओलांडणारी बाई उडवली, गाडी स्वतः चालत होती, तरी फौजदारी केस लक्ष ठेवायला आत बसलेल्या बाईवरच, २०२३ ला तिला तीन वर्षांचं प्रोबेशन, म्हणजे जेलाऐवजी देखरेख, कंपनीवर फौजदारी केस झालीच नाही. ब्रिटननं २०२४ ला कायदा केला की मान्यता मिळालेली गाडी खरोखर स्वतः चालत असताना ड्रायव्हिंगच्या चुकीला आत बसलेला माणूस जबाबदार नाही. आपल्याकडं तसं काहीच नाही, गडकरींनी तर २०१७ लाच सांगितलं होतं की ड्रायव्हरची रोजीरोटी जाईल अशी गाडी येऊ देणार नाही. आमच्या गल्लीतला एक जण बदली ड्रायव्हर म्हणून जातो, त्याला चक्कर मारायला दिली तर म्हणायला, दादा, मांजरसुंब्याच्या घाटात हिला एकटी सोडून दाखवा, मग मी दुसरा धंदा बघतो.

रोजीरोटीचं सोडा, मला दुसरीच काळजी हाय. मोटार वाहन कायद्याचं कलम 134 म्हणतं जखमीला दवाखान्यात न्यायची जबाबदारी ड्रायव्हरची. ड्रायव्हरच नसलेली गाडी रस्त्यात उभी राहिली आणि गावातले शंभर जण जमा झाले, तर ते बोलणार कुणाशी, काचेशी?

घ्यायची का? महिन्याला समृद्धीवर फेरी असेल तर घ्या. बीड-परळी-अंबाजोगाईच फिरायचं असेल तर खालचं व्हेरिएंट बघा, सहा एअरबॅग घ्या, उरलेल्या पैशात चांगला डॅशकॅम बसवा, तो कोर्टात जास्त कामाला येईल. आणि हो, समोरची काच फुटली तर एडासचा कॅमेरा परत कॅलिब्रेट, म्हणजे नीट जुळवून सेट, करावा लागतो, ते बिल पॉलिसीत बसतं का ते सही करायच्या आधी विचारा.