"आमची एजन्सी फिफा लायसन्स्ड आहे" म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

माझा धाकटा भाऊ प्रोफेशनल फुटबॉल खेळतो. बाहेरच्या देशातल्या क्लबमधे ट्रान्सफर करून देतो म्हणून एकजण मागे लागला आणि पुढे जे झालं ते लिहितोय, त्या माणसाचं आणि क्लबचं नाव घेत नाही कारण केस चालू आहे.

"आमची एजन्सी फिफा लायसन्स्ड आहे" हे त्याचं पालुपद. आता गंमत अशी की फिफाचं, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेचं, एजंटचं लायसन्स माणसाला मिळतं, एजन्सीला मिळतच नाही. 2015 मधे फिफाने लायसन्स पद्धत बंद केली होती ती 2023 मधे परत आणली, आता परीक्षा पास व्हावी लागते आणि पास झालेल्यांची यादी फिफाच्या साइटवर कोणालाही बघता येते. त्यात याचं नावच नाही! परीक्षा पास झालेला दुसराच एकजण होता, सहीपुरता, बोलणी आणि कमिशन सगळं याचं.

एजंटसोबतचं कॉन्ट्रॅक्ट पाच वर्षांचं, वर आपोआप रिन्यू होणारं. नियमात खेळाडूसोबत जास्तीत जास्त दोन वर्षं, आणि आपोआप रिन्यूचं कलम तर रद्दच धरतात. हे आम्हाला वकिलाने नंतर सांगितलं.

खरा खेळ साइनिंगच्या दिवशी झाला. घरच्यांना आत येऊ दिलं नाही, भावापुढे दोन कागद ठेवले, एकावर पगार अगदी कमी, तो फुटबॉल संघटनेकडे रजिस्ट्रेशनला जाणार, आणि उरलेला पगार दुसऱ्या कागदावर "इमेज राइट्स" (खेळाडूचं नाव-फोटो वापरायचे पैसे) म्हणून, टॅक्स वाचतो म्हणे. कॉपी मागितली तर कुरिअरने पाठवतो सांगितलं, ती आजपर्यंत आलेली नाही. सुरुवातीला पैसे नीट आले मग दुसऱ्या कागदाचे बंद झाले, क्लबला विचारलं तर तो कागद आमचा नाहीच, कुठल्या तरी कंपनीचा आहे, तुमच्या एजंटला विचारा. आणि एजंट? तो क्लबकडूनही कमिशन घेऊन बसलेला, म्हणजे पगार कमी ठरवून द्यायचे पैसे त्याला समोरूनच मिळत होते. खेळाडू आणि घेणारा क्लब दोघांचं काम एकाच एजंटने करायचं तर दोघांची लेखी संमती लागते असा नियम फिफाने आणला होता, पण कोर्टकचेऱ्यांमुळे 2023 च्या शेवटी तो आणि कमिशनची मर्यादा दोन्ही स्थगित केले. अशा लोकांचं फावणारच ना.

लपवलेले कागद छोट्या क्लबांतच असतात असं समजू नका, तेवेझ आणि मास्चेरानो या अर्जेंटिनाच्या खेळाडूंच्या वेळी वेस्ट हॅम या इंग्लिश क्लबने तिसऱ्या पार्टीसोबतचे (खेळाडूंचे हक्क असलेल्या बाहेरच्या कंपन्यांसोबतचे) करार लपवले म्हणून 2007 मधे 55 लाख पाउंड दंड बसला होता. तिथे निदान दंड तरी झाला.

तर सही करताना प्रत्येक कागदाचा तिथल्या तिथे फोटो काढा, नाही म्हणाले तर उठून या. ठरलेला सगळा पगार रजिस्टर होणाऱ्या कॉन्ट्रॅक्टमधेच पाहिजे. दोन महिन्यांचा पगार थकला तर क्लबला लेखी नोटीस देऊन किमान 15 दिवस द्यायचे, तरीही नाही दिला तर खेळाडू कॉन्ट्रॅक्ट तोडू शकतो, फोनवर बोललेलं धरत नाहीत. परदेशी क्लबविरुद्ध फिफाच्या ट्रिब्युनलकडे जाता येतं, पण प्रकरण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. एजंट "बोलतोय मी क्लबशी, थांब जरा" म्हणत आमचे महिने घालवत होता ते यासाठीच, असं आता वाटतंय.