९ तारखेची गरोदर तपासणी, तालुक्याचा सरकारी दवाखाना: रांग मोठी पण काम पक्कं

वहिनीला पाचवा महिना लागला तेव्हापासून दर महिन्याच्या ९ तारखेला मी तिच्यासोबत सरकारी दवाखान्यात जातेय, जळगाव जिल्ह्यातलाच आहे, नाव टाकत नाही कारण थोडी तक्रारपण आहे. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान म्हणतात ते हेच, २०१६ पासून चालू आहे, तपासणी फुकट. बऱ्याच जणींना वाटतं तिथे वजन बीपी बघून लोहाच्या गोळ्या हातात देतात आणि घरी पाठवतात. तसं अजिबात नाहीये, इन्फेक्शनच्या तपासण्या ते लोक फार मनावर घेतात आणि म्हणूनच हा रिव्ह्यू लिहितेय.

लघवीचंच घ्या. वहिनीला जळजळ नाही, ताप नाही, काहीच नाही. नर्सबाईंनी बाटली देतानाच सांगितलं की पहिली धार सोडून द्या, मधली बाटलीत घ्या, नाहीतर रिपोर्ट चुकतो. रिपोर्टात पस सेल (पूच्या पेशी) दिसले, मग कल्चर केलं, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघतात ती तपासणी, तर त्यात जंतू निघाले. डॉक्टर मॅडमनी नीट बसवून समजावलं की गरोदरपणात किडनीकडून येणाऱ्या नळ्या सैल पडतात, लघवी साचते आणि जंतू वर किडनीपर्यंत चढतात, मग थंडी वाजून ताप येतो, कळा वेळेआधी सुरू होऊ शकतात, बाळाचं वजन कमी भरू शकतं. त्रास नाही म्हणून गोळ्या मधेच बंद करायच्या नाहीत हे दोनदा बजावलं, आणि कोर्स संपल्यावर परत लघवी तपासली, क्लिअर आली. खूप हायसं वाटलं.

एचआयव्ही, सिफिलिस (लैंगिक संबंधातून होणारा आजार) आणि बी ची कावीळ (हिपॅटायटिस बी) यांचं रक्त सगळ्यांचंच घेतात. रांगेत एक आजी सुनेसाठी भांडायलाच उठल्या, "आमना घरमा आसं काही नही शे" म्हणून, पण तिथल्या समुपदेशक ताईंनी आवाज न चढवता त्यांना बाजूला नेलं आणि पटवलं. पटायलाच पाहिजे हो, सिफिलिस वेळेत कळला तर पेनिसिलिनच्या इंजेक्शनने आई आणि बाळ दोघांचा इलाज होतो, नाही कळला तर पोटातच बाळ दगावू शकतं. बी ची कावीळ असेल तर जन्मल्यावर २४ तासांच्या आत बाळाला लस आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार अँटिबॉडीचं) इंजेक्शन लागतं, म्हणजे आधीच माहीत पाहिजे ना.

मधल्या काळात एका प्रायव्हेट लॅबवाल्याने टॉर्च (TORCH) म्हणजे बाळाला बाधू शकणाऱ्या रुबेलासारख्या काही इन्फेक्शनच्या रक्त तपासण्यांचं महागडं पॅकेज गळ्यात मारलं. रुबेलाचं (जर्मन गोवर) आयजीजी, म्हणजे त्या आजाराविरुद्धच्या रक्तातल्या अँटिबॉडी, पॉझिटिव्ह आलं आणि घरात रडारड. मॅडमनी कागद बघितला आणि म्हणाल्या, हे एकटं पॉझिटिव्ह म्हणजे बहुतेक जुनी लागण किंवा लस, उलट संरक्षण आहे, आणि ही टेस्ट सरसकट सगळ्यांना लागतच नाही. एवढं त्या लॅबवाल्याला रिपोर्ट देताना सांगता आलं नसतं का, याचा मला अजून राग आहे.

आता तक्रार. लघवीचा नमुना द्यायचा तो संडास घाण, कडी लागत नाही, पाणी नाही. ज्या बायांना आपण स्वच्छतेचं सांगतो त्यांनाच तिथे पाठवायचं, हे बरोबर नाही. बसायला बाकं कमी, मे महिन्यातल्या आपल्या खान्देशातल्या उन्हात सातव्या आठव्या महिन्याच्या बाया पायरीवर बसलेल्या होत्या. सोनोग्राफीला दुपार होते.

पाण्याबद्दल मात्र प्रत्येकीला सांगतात ते आवडलं, आपल्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, नाहीतर टँकर, आणि पावसाळ्यात खराब पाण्यातून कावीळ ई (हिपॅटायटिस ई) पसरते ती शेवटच्या महिन्यांत आईच्या जिवावर बेतते. उकळून गार केलेलंच प्या म्हणतात, आम्ही घरून बाटली नेतो.

पाचपैकी चार स्टार. जाणार असाल तर सकाळी लवकर जा, माता बाल संरक्षण कार्ड आणि आधीचे सगळे रिपोर्ट न्या, ९ ला सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी होते तरी आशाताईंना फोन करून विचारून घ्या, आणि पहिल्या तपासणीसाठी ९ तारखेची किंवा पाचव्या महिन्याची वाट बघू नका, पाळी चुकली की लगेच नाव नोंदवा.