वापरलेली १७ फुटी ॲल्युमिनियम बास बोट: पहिली पाहणी

बास मासे धरायच्या या बोटीचा हल (बाहेरचं कवच) वेल्डेड आहे, रिव्हेटचा नाही. ही मोठी जमेची बाजू. टेक्सासच्या लेक फोर्कसारख्या बुडालेल्या झाडांच्या तलावात खोडाला घासली तर ॲल्युमिनियमला पोचा येईल, पण फायबरग्लाससारखा जेलकोट (वरचा चकचकीत थर) उडायची भीती नाही. ट्रान्समवर (इंजिन बसतं ती मागची भिंत) उजवीकडे कोरलेल्या १२ अक्षरी हल क्रमांकाचे शेवटचे दोन अंक ०८, म्हणजे मॉडेल २००८ चं.

खरी काळजी ट्रान्समची. इंजिन थोडं वर उचलून त्याच्या खालच्या टोकावर जोर द्यायचा. आतलं प्लायवूड कुजलेलं असेल तर ट्रान्सम लवतो. हा लवत नाही. पण इंजिनाच्या बोल्टभोवतीचं सीलंट भेगाळलंय आणि पाणी शिरतं ते इथूनच. बोल्ट काढून, नवं मरीन सीलंट भरून लगेच आवळून घ्यावेत.

डेकचं काम मात्र वाईट झालंय. पुढच्या भागात कुणीतरी हिरवट, कुजू नये म्हणून तांब्याची प्रक्रिया केलेलं प्लायवूड बसवलंय. त्यातलं तांबं ओलाव्यात ॲल्युमिनियम खातं. कार्पेट उचललं की पांढरी भुकटी आणि टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे दिसतात. हे लाकूड काढायलाच हवं. त्याजागी साधं मरीन प्लाय (बोटींसाठीचं प्लायवूड), सगळ्या कडांसकट इपॉक्सीचे तीन हात देऊन.

६० एचपी फोर-स्ट्रोक इंजिन उत्तम: चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) एकमेकांच्या १० टक्क्यांच्या आत, गिअर ऑइल दुधाळ नाही, म्हणजे त्यात पाणी शिरलेलं नाही. ट्रेलरचं डावं चाक जॅकवर फिरवलं की घरघरतं. बेअरिंग बदलल्याशिवाय बोट हायवेवर नेऊ नये.