नवा सागरी जीवाणू ओळखताना: १६एस की पूर्ण जीनोम?

जळगाव-धुळ्याच्या प्रयोगशाळांपासून समुद्र लांब. पण कोकणातून आणलेल्या नमुन्यातला जीवाणू नवा आहे का, हा प्रश्न इथल्या मुलांनाही पडतो. १६एस आरआरएनए जनुक (पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमच्या एका भागाचं, सगळ्या जीवाणूंत असणारं जनुक) वाचणं स्वस्त पडतं. डीएनएची जेमतेम १५०० अक्षरं वाचायची, माहीत असलेल्या प्रजातींशी साम्य ९८.७ टक्क्यांहून कमी निघालं तर प्रजाती बहुधा नवी. पहिल्या चाळणीला हे उत्तम. पण व्हिब्रिओ (समुद्रात आढळणाऱ्या जीवाणूंचा एक वंश) आला की हे जनुक हात टेकतं, कारण त्यातल्या कितीतरी वेगळ्या प्रजातींत साम्य ९९ टक्क्यांच्या वर असतं. तिथे पूर्ण जीनोमच, म्हणजे जीवाणूचा सगळा डीएनए, वाचायला हवा: सरासरी न्यूक्लिओटाइड साम्य (दोन जीनोमच्या जुळणाऱ्या भागांतली अक्षरं सरासरी किती सारखी) ९५-९६ टक्क्यांखाली गेलं, की प्रजाती वेगळी. खर्च वाढतो, तरी नाव द्यायचं असेल तर मी जीनोमच करायला सांगेन. शिवाय आंतरराष्ट्रीय नामकरण नियमावलीप्रमाणे त्या जीवाणूचं जिवंत कल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेला नमुना) दोन देशांतल्या संग्रहांत ठेवावं लागतं.