सिडकोतली ग्रुप थेरपी : बारा शनिवारांनंतर

जालना ते छत्रपती संभाजीनगरचं सिडको बसस्थानक. माझं अर्धं तिकीट, पोराचं अर्धं, म्हणजे दोघांचं मिळून एकच. असे बारा शनिवार केले.

मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा, उतावळेपणा ह्या त्रासाचं निदान घाटीच्या, म्हणजे तिथल्या सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार विभागात झालं. तिथं डॉक्टरांनी घरचं नि शाळेचं असं दोन्हीकडचं विचारून घेतलं, कारण हा त्रास एकाच ठिकाणी दिसला तर तो एडीएचडी धरत नाहीत. गोळी सुरू आहे. तिनं तो जागेवर बसायला लागला, पण आपला नंबर येईपर्यंत दम धरणं काही जमेना. म्हणून हा ग्रुप.

केंद्राचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण तक्रारीही करायच्यात. रो-हाऊसचा तळमजला. पुढच्या खोलीत मुलं, मागच्या खोलीत आम्ही.

तिसऱ्या शनिवारी दाराच्या काचेतून बघत होते. कॅरम मांडलेला, चार पोरं. आमच्याचा हात दोनदा दुसऱ्याच्या डावात गेला. ग्रुप घेणाऱ्या ताई ओरडल्या नाहीत. बोर्डावर नुसता तळहात ठेवला, खेळ थांबला. बाकीची तिघं ह्याच्याकडं बघायला लागली. ह्यानं हात मांडीखाली दाबून धरला, आणि त्याच क्षणी ताईंनी त्याच्या वाटीत एक मणी टाकला. टुणकन. डाव संपल्यावर नाही, घरी निघताना नाही, लगेच. दहा मणी झाले की पुढच्या वेळचा खेळ तो ठरवणार. मी घरी म्हणायचे, महिनाभर नीट वागलास तर सायकल. ह्या पोरांना महिना म्हणजे कधी न उजाडणारा दिवस, हे त्या वाटीनं मला शिकवलं.

आधी एकट्याची थेरपीही करून पाहिली होती. तिथं समोर मोठी बाई, ती आपणहून त्याला डाव देते. इथं समोर त्याच्यासारखेच तीन वाघ. थांबायला शिकायचं तर थांबायला लावणारं कुणीतरी पाहिजेच ना.

मागच्या खोलीत आमचाच क्लास. एका वेळी एकच काम सांगा, जवळ जाऊन, नाव घेऊन. मी शिलाई मशीनवरूनच ओरडायचे : बूट काढ, डबा टाक, हातपाय धू, आधी दार लाव! त्यातलं पहिलंच व्हायचं, आणि बाकीच्या तिन्हींसाठी रट्टे. गंगापूरकडचे एक आजोबा नातवाला घेऊन यायचे. एकदा हळूच म्हणाले, "ह्याचा बाप बी असाच होता बाई. आम्ही नुसतं हाणत राहिलो." त्यानंतर खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

आता तक्रारी. आठ मुलं सांगितली होती, पाचव्या शनिवारपासून अकरा झाली, ताई मात्र एकच. त्या दिवशी नंबर येता येईना, आमचा टेबलाखाली जाऊन बसला. सहा हजार आगाऊ घेतले, तापामुळं एक शनिवार बुडाला तर ना पैसे परत ना बदली दिवस. शाळेच्या बाईंसाठी द्यायची चिठ्ठी नवव्या शनिवारी हातात पडली, तोवर सहामाही होऊन गेली. आणि पालकांना दिलेले कागद इंग्रजीत! आजोबांनी चार घड्या घालून खिशात ठेवले. मराठीत लिहून झेरॉक्स काढायला असे किती पैसे लागतात?

अभ्यासात फरक शोधू नका, निदान आमच्याकडं तरी नाही. अक्षर तसंच, गृहपाठाला दीड तास तसाच. पण परवा पाणीपुरीच्या गाड्यावर तो आपला नंबर येईपर्यंत माझ्या पदराचं टोक पिरगळत उभा राहिला. मणी नव्हते, पर्समध्ये ब्लाउजची हुकं होती. एक त्याच्या मुठीत ठेवलं. त्यानं खिशात टाकलं आणि म्हणाला, "सहा झाले."

पुढची बॅच जूनमध्ये आहे. आठच मुलं घेऊ असं लिहून देत असतील तर परत नाव घालीन.