साडेतीनचा पंच आणि माझे ओटीचे (ओव्हरटाइमचे) पैसे

2022 ला चाकणला ऑटोपार्टच्या एका कंपनीत ठेकेदाराकडून लागलो होतो, नाव घेत नाही. 8 तासांचे 480, म्हणजे तासाला 60. ठेकेदाराचा माणूस बोलला ओटी भरपूर आहे, पोरं ओटीवर गाड्या घेतात इथं. मी खुश, कारण रूमभाडं आणि मेस जाऊन घरी पाठवायला काही उरतच नव्हतं.

साडेतीनला शिफ्ट सुटली की सुपरवायझर म्हणायचा आउटचा पंच मारून या आणि परत लाईनवर उभे रहा. सगळेच मारायचे म्हणून मीपण मारायचो, साडेसहापर्यंतचे 3 तास तो एका वहीत लिहायचा आणि वही त्याच्याच खिशात. महिन्याला 78 तास व्हायचे आणि 4680 मिळायचे, स्लिपवर नाव काय तर कन्व्हेयन्स, म्हणजे येण्याजाण्याचा खर्च. कंपनीच्या बसने येणाऱ्याला कसला आलाय कन्व्हेयन्स, पण तेव्हा डोकं चाललं नाही.

7 महिन्यांनी कँटीनमध्ये एका परमनंटवाल्या काकांनी विचारलं, डबल देतात ना रे? तेव्हा कळलं. त्या वेळचा कारखाना कायदा 1948, कलम 59, दिवसाला 9 किंवा आठवड्याला 48 तासांच्या वर गेलं की डबल. एचआरवाला मला 9 चाच नियम सांगत होता, 48 चं नाव काढलं नाही, आणि माझे 6 दिवसांचे 48 तर रेग्युलरमध्येच संपायचे म्हणजे वरचा प्रत्येक तास 120 ने बसतो. महिन्याला 9360 पाहिजे होते. 7 महिन्यांचे 32,760 गेले!

ठेकेदाराला विचारलं तर म्हणे तू साडेतीनला आउट आहेस, कसला ओटी? तेव्हा त्या पंचाचा अर्थ लागला. ओटी कागदावर आलाच नाही की डबल नाही, तिमाहीच्या ओटी तासांची मर्यादा नाही, आणि कन्व्हेयन्स म्हटलं की त्यावर मालकाचं 3.25 टक्के ईएसआयसी, म्हणजे कामगार विम्याचा हप्तापण तेव्हा वाचायचा. हुशार लोक.

कामगार आयुक्त कार्यालयात गेलो तर साहेबांनी पुरावा मागितला. माझ्याकडे सुपरवायझरचे व्हॉट्सॅप मेसेज होते, "आज सगळे 6.30 पर्यंत", पण मध्ये फोन बदललेला म्हणून 3 महिन्यांचेच. साहेबांनी कंपनीलाही बोलावलं, ठेकेदाराने नाही दिले तर मूळ मालकाने म्हणजे कंपनीने द्यायचे हे तेव्हाच्या 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं, आणि मग ठेकेदाराचा सूर एकदम बदलला, भाऊ भाऊ करायला लागला. 3 महिन्यांचेच 14,040 मिळाले, तेपण काही देणं बाकी नाही अशी सही घेऊन. काम गेलं ते वेगळंच.

लाईनवरची 2 पोरं अजून फोन करतात, साडेतीनचा पंच चालूच आहे म्हणतात. त्यांना सांगितलंय गेटबाहेर आलात की घड्याळ दिसेल असा फोटो काढा आणि रोज घरी कुणालातरी पाठवा, स्वतःच्या फोनमध्येच ठेवून बसू नका माझ्यासारखं.